कंपाउंडरकाकांचं मुळांचं टॉनिक

बत्तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीआड उभं राहून कंपाउंडरकाकांनी मिक्श्चरं दिली, आणि बत्तीस वर्षं गल्लीने त्यांना एकच पदवी दिली: रंगीत पाणीवाले. ताप उतरला तर डॉक्टरांचा हातगुण, नाही उतरला तर काकांचं पाणी. हे त्यांना किती लागायचं ते फक्त बायकोला ठाऊक होतं. म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण बाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे.

निवृत्त झाल्यावर काकांनी पेशंट बदलले. माणसं सोडली, झाडं धरली. रोप एका जागेवरून दुसरीकडे हलवलं की मुळं तुटतात आणि ते मान टाकतं. त्यावर काकांचं औषध तयार असे. नाल्याकाठच्या वाळुंजाच्या झाडाच्या कोवळ्या काड्यांचे बोटभर तुकडे दोन दिवस पाण्यात भिजवायचे, पाणी गाळून घ्यायचं. तेच मुळांचं टॉनिक. शिवाय तुटलेल्या टोकांना कोरफडीचा गर, तोही अगदी पुसटसा. पहिल्या उत्साहात त्यांनी बायकोची शेवंती गरात बुडवून पार कुजवली होती. तेव्हापासून बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी आली, आणि घरात शेवंतीचा विषय निघाला की काकांना बाहेर काहीतरी काम आठवू लागलं.

डॉक्टर गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी दवाखान्याची भिंत कलली. ती पाडायची ठरली. भिंतीला लागून डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लावलेला वेली गुलाब होता, मनगटाएवढ्या जाड खोडाचा.

"फाटकाजवळ हलवला तर जगेल का हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आवाज साधाच होता, पण त्या काकांकडे न बघता गुलाबाकडे बघत होत्या.

"माझी हमी," काका बोलून गेले. घरी येईपर्यंत घाम फुटला होता.

मेहुण्याचं खतांचं दुकान. त्याला वास लागलाच. "भाऊजी, आमची पावडर टाका. काड्यांच्या काढ्याने काय होणार? झाडाला खोकला झालाय का?"

"ताज्या जखमेवर मीठ चोळशील का रे? तसं आहे ते. मुळं फुटू दे, मग काय घालायचं ते घाल."

"ताई, तूच सांग यांना!"

"मी काय सांगू? माझी शेवंती असती तर तिनेच सांगितलं असतं."

काकांनी गुलाब निम्मा छाटला, मातीच्या गड्ड्यासकट उकरला, मुळं घंगाळात दोन तास टॉनिकमध्ये ठेवली, टोकांना गर लावला, फाटकाजवळ पुरला आणि वर गोणपाटाची सावली केली. दर तिसऱ्या दिवशी बाटली हलवून एक खूण टॉनिक, वर साधं पाणी.

आठवड्यात सगळी पानं गळाली. तिसऱ्या आठवड्यात नुसती काळपट काठी उरली. येणारे-जाणारे चपला वाजवत यायचे, क्षणभर थांबायचे, चेहरे पाडून पुढे जायचे. एका दुपारी काका भरली बाटली घेऊन गेले. सगळी एकदम ओतावी असं मनात होतं. बूच काढलं, हात पुढे झाला, आणि थांबला. खुणेपुरतं ओतून त्यांनी बूच घट्ट लावलं. औषधावर आपलाच विश्वास नसेल तर गल्लीने का ठेवावा?

सहाव्या आठवड्यात मेहुणा चार लोक घेऊन आला. कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर उभीच होती. डॉक्टरीणबाईही बाहेर आल्या.

"किती दिवस मढं सांभाळणार, भाऊजी? बाजूला व्हा."

काका काही बोलायच्या आत त्याने बाह्या सरसावल्या, हातांना फडकं गुंडाळलं, खोड धरलं आणि उपसायला जोर लावला. खोड हललं नाही. त्याने पाय रोवले, दात-ओठ खाल्ले, पुन्हा ओढलं. फडकं सटकलं आणि खतांचे मालक सपशेल चिखलात बसले.

काकांनी वाकून नखाने साल किंचित खरवडली. आत हिरवंगार. बुंध्याजवळ तांदळाच्या दाण्याएवढा लालसर कोंब डोकं काढत होता.

"मुळं धरली," काका म्हणाले, आणि मग एवढ्या मोठ्याने हसले की समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं.

"धरली नाही, जखडली!" चिखलातून मेहुणा म्हणाला. "हात द्या आता, का मलाही टॉनिक पाजणार?"

डॉक्टरीणबाईंनी पदराने चष्मा पुसला. "हे असते तर आज तुमचं नाव बोर्डावर लावलं असतं."

त्या दिवशी जेवताना काकांनी ही हकिगत तीन वेळा सांगितली. प्रत्येक वेळी मेहुणा थोडा आणखी लांब जाऊन पडला. बायकोने एकदाही टोकलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी नळावर सांगताना तिने त्याला थेट कचऱ्याच्या गाडीत पोचवला.