ओटा होईपर्यंत

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा त्या घराला सयपाकघर नव्हतं. दीड महिन्यापूर्वीपर्यंत होतं, मग पाडलं. कमरेएवढ्या तीन मातीच्या भिंती उभ्या होत्या, छपराचे उतरवलेले कवेलू अंगणात रचून ठेवले होते आणि चूल पुढच्या उघड्या छपरीच्या कोपऱ्यात मांडली होती. नव्या नवरीच्या हातचं पहिलं गोड मी त्या छपरीतच केलं, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत.

गाव लाखनीपासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये. घरात आम्ही चौघं. आमचे हे शेजारच्या गावात प्राथमिक शाळेवर मास्तर. सासरे सहा एकरांचं धान करत, त्यांना मी मामाजी म्हणायची. सासूबाईंना आत्याबाई.

सयपाकघर पाडलं होतं ते माझ्यासाठी. लग्न ठरलं तेव्हा मामाजी नागपूरला एका नातेवाइकाकडे गेले होते. तिथं त्यांनी उभ्यानं सयपाक करायचा ओटा पाहिला आणि भिंतीत बसवलेल्या कडप्प्याच्या फळ्या पाहिल्या. घरी येऊन म्हणाले, "आपली सून मॅट्रिक पास हाये. ते कायले खाली बसून धूर खाईन?" आठ दिवसांत माणसं लावून त्यांनी जुनी खोली उतरवली. आत्याबाईंना कोणी विचारलं नाही. मलाही नाही. मी तोवर त्या घराची कोणी नव्हतेच.

जुन्या सयपाकघरात आत्याबाईंच्या मडक्यांच्या तीन उतरंडी होत्या, चुलीच्या बाजूला दोन कोनाडे होते. पंचवीस वर्षांची मांडणी. मला त्या एकदाच म्हणाल्या, "डोळे मिटून हात घातला ना, तरी हळदच हातात यायची." मग लगेच दुसरं काही बोलू लागल्या.

उतरंडी उतरवल्या तेव्हा निम्मी मडकी फुटली. उरलेलं सामान त्यांनी घरभर लावलं. घर म्हणजे माजघर, त्यामागे धान साठवायच्या ढोलीची कोरडी खोली, पुढे छपरी, बाजूला गोठा. माजघरात आढ्याला पाळणा टांगलेला होता, आमच्या ह्यांच्या वेळचा. त्यात कांदे आणि लसूण गेले. जवसाच्या तेलाचा डबा देवाच्या फळीखाली. आंब्याच्या खुलांची, म्हणजे वाळवलेल्या फोडींची, गाठोडी आढ्याच्या वाशांत. लाखोरीची डाळ खाटेखाली, वड्यांचा डबा ह्यांच्या पुस्तकांमागे, आणि चिंचेचा गोळा गोठ्याच्या भिंतीवर टांगलेल्या शिंक्यात, कारण उंदीर तिथं पोचत नव्हते. आणखी कितीतरी. काय कुठं आहे ते फक्त त्यांना ठाऊक. मी चुलीपाशी बसून विचारायची आणि त्या सांगायच्या, "पुस्तकांच्या मागं पाय. दुसऱ्या रांगेत."

दुसऱ्याच आठवड्यात त्या माझ्याजवळ आल्या. जरा अवघडून म्हणाल्या, "सूनबाई, तुयी पेटी रिकामी हाये काय थोडीशी?"

माहेरून आणलेली लोखंडी पेटी होती ती. मी साड्या वर सरकवून दिल्या, खाली त्यांनी फडक्यात बांधलेल्या वाळल्या मिरच्या ठेवल्या. नंतर दोन-तीन वर्षं मी कुठल्याही लग्नात जाऊन बसले की शेजारच्या बाया शिंकायच्या. तेव्हा हसू यायचं. घरी येऊन साडी पुन्हा त्याच पेटीत घालताना यायचं नाही.

"पाऊस लागायच्या आधी होऊन जाईन," मामाजी म्हणत. पण मिस्त्रीला नहराच्या कामावर रोजचं काम मिळालं आणि तो गेला तो आलाच नाही. पावसाळ्यात मामाजींनी उघड्या भिंती बांबूच्या तट्ट्यांनी झाकल्या. भाद्रपदात तिन्ही भिंती बसल्या. अंगणात चिखलाचा ढीग उरला. तो पाहत मामाजी उभे राहिले आणि म्हणाले, "बरं झालं. आता विटांचंच बांधू, सिमेंटात."

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. मामाजी अर्ज घेऊन जात, दिवस घालवून परत येत. पहिलं वर्ष असंच गेलं. विटा आल्या, अंगणात रचल्या गेल्या, त्यांच्यात विंचू निघू लागले.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. सातवा महिना लागला तशी आत्याबाईंनी कोणाला न सांगता पाळणा रिकामा केला. कांदे कुठं हलवले कोण जाणे. पाळणा अंगणात नेला, राखेनं घासला, दोन दिवस उन्हात ठेवला. लसणाचा वास जाईना तेव्हा कडुनिंबाचा पाला घालून ठेवला. मी म्हटलं, "आत्याबाई, अजून दोन महिने आहेत." त्या म्हणाल्या, "वास जायले वेळ लागते वं."

पहिलं बाळंतपण माहेरी, साकोलीला. मुलगी झाली. ती रडलीच नाही. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

सव्वा महिन्यानं मी परत आले तेव्हा पाळणा जागेवर टांगलेला होता, धुतलेला, रिकामा. त्याच्याखालून जाताना सगळे डोकं जरा वाकवून जायचे, पण त्याच्याकडे पाहायचं कोणी नाही. कांदे माजघराच्या जमिनीवर पसरलेले होते. खालून ओल येत होती, रोज दोन-चार सडायचे. आत्याबाई रोज ते निवडून बाहेर टाकायच्या. महिनाभरानं एका सकाळी त्या हातात कांद्यांचं सूप घेऊन पाळण्याजवळ उभ्या होत्या. माझ्याकडे पाठ होती.

"ठेवू काय?" त्यांनी विचारलं.

"ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी एकेक कांदा ठेवला. वरून ओतला नाही, ठेवला. सूप रिकामं व्हायला खूप वेळ लागला. मग त्या तिथंच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मी बाहेर जाऊन चुलीत लाकूड सारलं. आपण दोघी एकमेकींजवळ बसून रडू शकलो असतो, हे मला पुष्कळ वर्षांनी सुचलं.

त्यानंतर मला मूल झालं नाही.

तिसऱ्या वर्षी सिमेंट मिळालं. दहा पोती बैलगाडीवर आली आणि मामाजी त्या दिवशी नव्या धोतरात होते. पण पोती ठेवायची कुठं? सिमेंटाला कोरडी जागा हवी. घरात कोरडी खोली एकच, ढोलीची. तिथं आत्याबाईंनी सगळं नाजूक सामान हलवलं होतं: पापड, कुरडया, गूळ, वर्षाचे तांदूळ.

"हे सामान छपरीत काढ," मामाजी म्हणाले.

"छपरीत झड येते," आत्याबाई म्हणाल्या.

"पंधरा दिवसांचा सवाल हाये. मिस्त्री सोमवारी येऊन राहिला."

आत्याबाई मामाजींसमोर कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "माणसाचं खायाचं बाहेर, अन् सिमेट आत? काहून?"

पोती आत गेली. गूळ, कुरडया, पापडाचे डबे आम्ही दोघींनी छपरीत आणले, खाटेवर चढवले, वरून मेणकापड टाकलं. मिस्त्री सोमवारी आला नाही, त्याचा बाप वारला होता. मग धानाची रोवणी लागली, आणि रोवणीत मजूर, मिस्त्री, कोणी कोणाला मिळत नाही. झड आठ दिवस चालली. गूळ पाझरला, पापडांना बुरशी आली. आत्याबाईंनी बुरशीचे पापड फडक्यानं पुसून पाहिले, मग सगळे उचलून उकिरड्यावर नेले.

दिवाळीनंतर मिस्त्री आला. त्यानं पोत्यावर हात ठेवला, मग ठोसा मारला. "काकाजी, हे तं गोटा झाला," म्हणाला. जमिनीतून ओल चढली होती. दहांपैकी आठ पोती दगड झाली होती. मामाजी एकेका पोत्याजवळ गेले, एकेकाला दाबून पाहिलं. मग छपरीत येऊन भिंतीला टेकून बसले. मी पाणी दिलं. ते प्याले नाहीत, लोटा हातात धरून बसले.

ते दगड फेकणार कुठं? आत्याबाईंनी गड्याकडून सहा पोती ढोलीखाली ओळीनं लावून घेतली. वरचे कागद कुजून गेले, गोळे राहिले. त्यावर तांदळाची नवी ढोली बसवली. त्या साऱ्या वर्षांत ओल न लागलेली तेवढी एकच वस्तू, ढोलीतले तांदूळ. आत्याबाई म्हणाल्या, "एवढं तं कामात आलं."

त्यानंतरच्या वर्षी माघात त्यांना लकवा झाला. सकाळी सडा टाकता टाकता अंगणात पडल्या. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं, तीन आठवड्यांनी घरी आणलं. माजघरात खाट टाकली. समजायचं त्यांना सगळं, पण तोंडातून एकच आवाज निघायचा, "दे, दे, दे." कशालाही तोच.

दवाखान्यातून परतून मी चूल पेटवली त्या पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की घरात मीठ नाही. म्हणजे होतं. हिवाळ्याच्या आधीच त्यांनी मिठाचं मोठं मडकं कुठंतरी कोरड्यात हलवलं होतं, मला रोज वाटीत काढून देत होत्या. मी विचारलं, "आत्याबाई, मीठ कुठं आहे?"

त्यांनी डावा हात उचलला. गोठ्याकडे. मी गोठ्यात सगळीकडे पाहून आले. "तिथं नाही." त्यांनी पुन्हा हात उचलला, पुन्हा गोठ्याकडे, पण हात पुरता उचलला जात नव्हता. वर म्हणत होत्या की पलीकडे, ते कळत नव्हतं. "दे, दे, दे," त्या म्हणत राहिल्या. मी एकेक जागा मोठ्यानं म्हणत गेले. खाटेखाली? पुस्तकांमागे? वाशांत? प्रत्येक नावाला त्या नाही म्हणून मान हलवत. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांपर्यंत गेलं. आमचे हे आत आले आणि मला म्हणाले, "राहू दे ना. काहून छळून राहिली तिले? दुकानातून आणतो मी."

मीठ दुकानातून आलं. मग मेथी, मग हळदसुद्धा. घरात सगळं असून आम्ही विकत आणत होतो. मी मात्र विचारणं सोडलं नाही. रोज एक वस्तू विचारायची. मला वाटायचं, त्यांना त्यात बरं वाटत असेल, की अजून आपल्यावाचून अडतं. एके दिवशी मी जिऱ्याचं विचारलं तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि जोरानं दूर लोटलं. तेव्हा कळलं की त्यांनाही आता आठवत नव्हतं. मग मी विचारणं बंद केलं.

मामाजींनी त्या उन्हाळ्यात सयपाकघर बांधून काढलं. चार वर्षांत झालं नाही ते दोन महिन्यांत झालं. सिमेंट कुठून आणलं, किती धावले, मला माहीत नाही. स्वतः विटा उचलत होते. ओटा झाला, कडप्प्याच्या चार फळ्या बसल्या, एक खिडकी. छपराला जुनेच कवेलू. ज्या दिवशी काम संपलं, त्या दिवशी मामाजी आणि आमचे हे, दोघांनी आत्याबाईंची खाट उचलून आत नेली.

"पाय," मामाजी म्हणाले. "फळ्या पाय. आता तुले सारं लावता येते."

आत्याबाईंनी पाहिलं. फळ्या कोऱ्या होत्या. ओटा त्यांच्या खाटेवरून उंच दिसत असावा, भिंतीसारखा. बराच वेळ त्या पाहत होत्या. मग त्यांनी तोंड दाराकडे वळवलं, म्हणजे बाहेर न्या. मामाजी उभेच राहिले. मीच म्हटलं, "न्या त्यांना. उकडत असेल."

श्रावणात त्या गेल्या.

फळ्या मी लावल्या. सामान शोधत शोधत, वर्षभर. मिठाचं मडकं गोठ्याच्या माळ्यावर, कडब्याच्या पेंढ्यांमागे निघालं. जिरं त्यांच्या उशीच्या अभ्र्यात शिवलेलं होतं; दवाखान्यात जायच्या आधीपासून त्या त्याच्यावर डोकं ठेवून झोपत होत्या आणि मी रोज ती उशी झटकत होते. काही वस्तू सापडल्या तेव्हा किडलेल्या होत्या. काही कधी सापडल्या नाहीत, आणि त्या काय होत्या तेही मला माहीत नाही.

दोन वर्षांनी ह्यांची बदली साकोलीकडे झाली. रोजचं जाणं-येणं शक्य नव्हतं, आम्ही तिथं खोली घेतली. मामाजींना या म्हटलं, ते आले नाहीत. धान कोणी पाहायचं, म्हणाले. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना सयपाकघरात उभं करून दाखवलं: वरच्या फळीवर डाळी, मधल्या फळीवर डावीकडे तिखट, हळद, मीठ, खाली तेल. ते मान हलवत होते.

पंधरा दिवसांनी मी बघायला गेले. मामाजी छपरीत बसून जेवत होते. ताटात नुसता भात होता आणि बाजूला कच्चा कांदा. वर मीठसुद्धा नव्हतं.

"मामाजी, फळीवर सगळं आहे ना. घेत का नाही?"

"सापडत नाई वं," ते म्हणाले.

मी हात धरून त्यांना आत नेलं. प्रत्येक डबा उघडून पुन्हा दाखवला, वास घ्यायला लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू जाय आता. तुयी बस चुकंन."

मी वाटीत मीठ काढून त्यांच्या ताटाजवळ ठेवलं आणि बसथांब्याकडे निघाले.