एक ते चार कॅमेरा बंद

दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी लेकीने आमच्या हॉलमध्ये कॅमेरा लावला. आमच्या म्हणजे माझ्याच... ही जाऊन तीन वर्षं झाली, तरी तोंडात अजून 'आमच्या'च येतं.

थंडीत मी बाथरूममध्ये घसरून पडलो होतो. कामाच्या बाई येईपर्यंत दीड तास तसाच फरशीवर. तेव्हापासून वैशालीचा एकच धोशा, "बाबा, कात्रजचं घर बंद करा आणि वाघोलीला या." तिचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे. हवा छान असते, पण झाडं वरून बघावी लागतात.

शेवटी तह झाला. महिनाभर कॅमेरा नीट चालला तर मी इथेच राहायचं... नाहीतर बॅग भरायची.

सोमवारी दुपारी तिला ऑफिसातून काहीच दिसेना. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. संध्याकाळी फोनवर तिने निदान केलं. राउटर बंद पडून पुन्हा चालू झाला की तो कॅमेऱ्याला नवा नंबर देतो, आणि ती जुन्या नंबरावर शोधत बसते.

मला शाळा आठवली. दर जूनमध्ये हजेरीपटावरचा माझा नंबर बदलायचा आणि गुरुजी दिवाळीपर्यंत जुन्याच नंबराने हाक मारायचे. मी कुणातरी कुलकर्ण्याच्या जागी उभा राहून कविता म्हणायचो... कुलकर्णी खूश असायचा.

"बाबा, तुमच्याकडे लाइट जाते का हो?"

"जाते अधूनमधून," मी म्हटलं.

तर आता कॅमेऱ्याला कायमचा पत्ता द्यायचा होता. तिने फोनवरून कॉम्प्युटरवर राउटरचं पान उघडायला लावलं, आणि ती सांगेल ते मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला उतरवून घेतलं. आयपी अॅड्रेस, शेवटचा आकडा पन्नास. मग गेटवे. मग सबनेट मास्क... दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न, शून्य.

हे शेवटचं मला फार आवडलं. तीनदा तेच धृपद आणि मग एकदम शून्य. अर्थ कळला नाही, पण आमच्या वेळी आधी पाठांतर व्हायचं आणि अर्थ पुढे कधीतरी, सवडीने कळायचा. मी हॉलमध्ये फेऱ्या मारत ते चालीवर म्हणायला लागलो.

"बाबा, पाठ नाही करायचंय, टाइप करायचंय!"

"अगं, पाठ झालं की टाइप आपोआप होतं."

शेवटी सेव्ह केलं. पलीकडे दोन मिनिटं शोधाशोध... मग आवाज आला, "दिसताय. शर्टाची बटणं वरखाली लागलीत." म्हणजे कॅमेरा उत्तम चालत होता.

गुरुवारी दुपारी मी स्वप्नात पाचवीच्या वर्गात होतो. कविता म्हणता म्हणता तिसऱ्या कडव्यापाशी अडलो होतो, आणि गुरुजी टेबलावर डस्टर आपटत होते. आपटतच होते... जाग आली तेव्हा कळलं, दार वाजतंय. सव्वातीन झाले होते.

दारात वैशाली. गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच, चेहरा घामाने भिजलेला. वाघोलीहून कात्रज, भर दुपारच्या ट्रॅफिकमधून.

"अगं, या वेळेला कुणी कुणाकडे जातं का?" मी म्हटलं.

ती आत येऊन चपलांसकट खुर्चीत बसली. घाम पुसत म्हणाली, "बेल वाजत नाही. फोन उचलत नाही. सेटिंग तर काल मीच करून घेतलं, तरी कॅमेरा काळा... मी काय समजायचं, सांगा ना."

मी भिंतीवरच्या बोर्डाकडे बघितलं. माझं जेवण साडेबाराला होतं, एकला मागचं आवरून होतं. मग टीव्ही, बेल, राउटर अशी सगळी बटणं बंद करून, फोनचा आवाज घालवून चारपर्यंत आडवं व्हायचं. काम नसेल तर बटण बंद, ही वडिलांची शिकवण. ही असतानाही आमचा हाच क्रम होता.

कॅमेऱ्याला कायमचा पत्ता दिला, आणि रोज दुपारी कुलूपही मीच लावत होतो.

"म्हणजे लाइट जात नव्हती," वैशाली म्हणाली.

"नाही. मी घालवत होतो."

आता बॅगेचा विषय निघणार, हे मी धरूनच चाललो होतो. तरी म्हटलं, "सकाळ-संध्याकाळ बघत जा की. झोपलेल्या म्हाताऱ्यात काय बघायचंय?"

"दीडला मी डबा उघडते," ती म्हणाली. "कँटीनमध्ये जो तो आपापल्या मोबाइलमध्ये असतो. म्हटलं, मी तुम्हाला बघत जेवीन... आठवड्यात एकदाही जमलं नाही."

मी चहा टाकला. बॅगेचा विषय निघाला नाही. जाताना तिने राउटरच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि मला नुसतं बोट दाखवलं, लहानपणी मी तिला दाखवायचो तसं.

शुक्रवारपासून मी दीडला जेवतो. साडेबाराची सवय पन्नास वर्षांची, त्यामुळे पोटाने दोन दिवस कुरकुर केली. टेबल हातभर डावीकडे सरकवलं, पान नीट दिसावं म्हणून. मी काही कॅमेऱ्याकडे बघत नाही. आपला जेवतो.

काल हात धुतो न धुतो तोच तिचा फोन. "बाबा, आज कोशिंबीर नव्हती पानात."

काकडी संपली होती... पण पानात डावी बाजू रिकामी आहे, हे कुणाला तरी दिसावं, याला तीन वर्षं झाली होती.

बेल मात्र अजूनही चारपर्यंत बंद असते. येणाऱ्यांनी नोंद घ्यावी.