ग्लेंडाने न वाचलेलं पुस्तक

"सोमवारी अकराला मोकळी आहेस ना?" भूगोलाच्या ग्रॅहम हार्करने लायब्ररीच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली.

"मी कुठे जाणार? पुस्तकांना पाय फुटले तर त्यांच्यामागे धावेन, एवढंच."

"कीली ब्लेंकिनची सरावाची मुलाखत घ्यायची आहे. एक परीक्षक मी, दुसरी तू."

ग्लेंडा स्टॅदर्सला हसू फुटलं. "अरे, सोळाव्या वर्षी शाळा सोडलेली बाई मी. मी काय विचारणार तिला? लंच घेतलंस का?"

"ते बुडालेल्या गावाचं पुस्तक आहे ना, त्यावर विचार. विद्यापीठाच्या अर्जासोबतच्या निवेदनात तिने सगळा डोलारा त्यावरच उभा केलाय. मी काही ते वाचलेलं नाही. तू वाचलंयस. चांगली धारेवर धर तिला. गुरुवारी खरे परीक्षक काही दयामाया दाखवणार नाहीत."

हार्कर शीळ घालत निघून गेला. ग्लेंडा मात्र हातातला शिक्का तसाच धरून उभी राहिली. समोर एक मुलगा पुस्तक पुढे करून वाट बघत होता. शेवटी तोच म्हणाला, "मिस, शिक्का?"

कारण ते पुस्तक ग्लेंडाने वाचलेलंच नव्हतं.

इंग्लंडातल्या हल शहराच्या गोदीत मासे उतरवणाऱ्या बापाची ही मुलगी. आधी वाटाणे गोठवायच्या कारखान्यात होती, मग ह्या कॉलेजच्या कँटीनमध्ये आली. लायब्ररीतली बाई आजारपणात गेली, तेव्हा "तात्पुरती बस गं इथे" म्हणून प्राचार्यांनी तिला खुर्ची दिली, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात इतिहासाच्या एका मास्तरांनी तिला विचारलं होतं, "ह्या पोराला यादवी युद्धावर काय देऊ?" ग्लेंडाने घाबरत एका पुस्तकाचं मलपृष्ठ वाचलं आणि त्यावरचंच जरा आपल्या शब्दांत सांगितलं. मास्तर खूश. तिला वाटलं, हे जमतंय की.

आणि खरंच जमलं. ग्लेंडाला वाचायला वेळ लागायचा. पानभर ओळी झाल्या की अक्षरं माशांच्या पिल्लांसारखी सुळकन इकडेतिकडे पळायची. म्हणून ती मलपृष्ठ वाचायची, अनुक्रमणिका वाचायची, फार तर शेवटचं पान. त्यावरून नारिंगी कार्डावर पाच ओळी लिहायची आणि कार्ड पुस्तकात खोचून ठेवायची. मोठ्या विद्यापीठांना अर्ज करणारी मुलं सप्टेंबरात तिच्या टेबलाभोवती घोंघावायची. अभ्यासक्रमाबाहेरचं काय वाचलं ते निवेदनात दाखवायचं असतं ना! "मिस, भूगोलाला काय वाचू?" "मिस, कुणी न वाचलेलं काहीतरी द्या!" ग्लेंडा फळीकडे न बघता हात घालायची आणि पुस्तक काढून द्यायची. "ग्लेंडाने वाचलं नाही असं पुस्तक ह्या इमारतीत नाही," असं मास्तर मंडळी पाहुण्यांना सांगत. ती कधीच नाही म्हणाली नाही.

त्या शुक्रवारी तिने ते निळं पुस्तक पिशवीत टाकलं. तीनशे चाळीस पानं होती.

शनिवारचा अख्खा दिवस तिने पट्टी धरून एकेक ओळ वाचली. रविवारी जेवणं उरकली, नवरा लेस टीव्हीवर रग्बी बघायला बसला आणि ती खिडकीशी. मलपृष्ठावर लिहिलं होतं, "समुद्राने गिळलेल्या आउथबी गावाची थरारक कहाणी." कार्डावर ग्लेंडाने लिहिलं होतं, "आधी समुद्र आला, मग शेतं गेली, मग माणसं गेली. निसर्गापुढे माणसाचं काही चालत नाही." छान ओळ होती. कीलीने ती निवेदनात जवळजवळ जशीच्या तशी घेतली होती.

पान एकशे अठ्ठ्याऐंशीवर ग्लेंडाची पट्टी थांबली. तिने ते पान पुन्हा वाचलं, मग मागची दोन पानं वाचली, मग पुढची चार, मग शेवटचं प्रकरण.

"काय झालं?" लेस म्हणाला. "कोणी मेलं का पुस्तकात?"

"नाही. अख्खं गाव जिवंत निघून गेलं."

"मग चांगलंच आहे की."

"लेस, कसलं चांगलं! समुद्र यायच्या तीस वर्षं आधी गेलं! जमीनदाराने मेंढ्यांसाठी शेतं मोकळी करून घेतली, माणसांना हाकललं. समुद्राने नुसती रिकामी घरं खाल्ली, आणि सगळ्यांनी दोष त्याच्या माथी मारला. ही लेखिका तेच सांगतेय, तीनशे चाळीस पानं तेच! आणि मी पोरीला नेमकं उलटं सांगितलं."

लेसने टीव्हीचा आवाज कमी केला. तो आवाज कमी करायचा म्हणजे प्रकरण गंभीर. "तू पूर्ण पुस्तकं वाचत नाहीस हे त्यांना ठाऊक नाही?"

"तुला ठाऊक होतं?"

"बाई गं, तीस वर्षं तुझ्या शेजारी बसतोय मी. मला वाटलं सगळ्यांनाच ठाऊक असेल."

ग्लेंडाने पुस्तक मिटलं. निवेदन ऑक्टोबरातच गेलं होतं, आता त्यातला एक स्वल्पविरामही बदलता येणार नव्हता. चार दिवसांनी कुणीतरी हुशार माणूस संगणकाच्या पडद्यावरून कीलीला विचारणार होता की हे तुला कुठल्या पानावर सापडलं. कीलीने अर्ज केलेलं दक्षिणेतलं ते जुनं विद्यापीठ ह्या कॉलेजातल्या कुणाला सहा वर्षांत मिळालं नव्हतं.

सोमवारी हार्करने स्वतःच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या, टाय घातला, आवाजही बदलला. "मिस ब्लेंकिन, बसा." कीली बसली. तिचा बाप समुद्रकाठच्या कड्यावर कॅरॅव्हॅनचा, म्हणजे सुट्टीला येणाऱ्यांसाठी चाकांवरच्या घरांचा, तळ चालवायचा. अनोळखी माणसांशी बोलायची तिची भीड केव्हाच चेपलेली होती, पण आज तिने खुर्ची दोनदा पुढेमागे सरकवली.

हार्करने दोन प्रश्न विचारले आणि मान वळवली. "माझ्या सहकारी आता तुमच्या वाचनाबद्दल विचारतील."

ग्लेंडा खाकरली. "ते... आउथबीचं पुस्तक. तुला त्यात काय भावलं?"

कीलीचे डोळे चमकले. "लेखिका दाखवते की समुद्रापुढे माणसाचं काही चालत नाही. आधी पाणी येतं, मग माणसं जातात. आमच्या तळाच्या तीन रांगा समुद्रात गेल्या, चौथी यंदा जाईल. मला वाचताना वाटलं, हे तर आमचंच लिहिलंय!"

"वा!" हार्करने टेबलावर थाप मारली. "ग्लेंडा, आता आडवा प्रश्न टाक. एखादा खोडसाळ."

आता बोल, ग्लेंडाच्या मनात आलं. आत्ताच बोल. हार्कर कौतुकाने बघत होता. एकोणीस वर्षं सगळे बघत आले होते, अगदी तसाच.

"मुखपृष्ठाचा... रंग निळाच का, असं वाटतं तुला?" ग्लेंडा म्हणाली.

हार्कर खो खो हसला. "हा प्रश्न गुरुवारी आला तर मी राजीनामा देईन!"

कीलीही हसली. ग्लेंडा "एक फोन आलाय" म्हणून उठली. फोन खिशात गप्प होता. ती बाथरूममध्ये जाऊन बसली आणि घंटा होईपर्यंत बाहेर आली नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कीली डबा घेऊन आली. आत गुळचट आल्याचा केक होता, चौकोनी तुकडे केलेले. "बाबांनी पाठवलाय. म्हणाले, त्या लायब्ररीच्या बाईंनी तुझं आयुष्य मार्गी लावलं."

"कीली, दार लाव."

"मिस, दार उघडं ठेवायचा नियम आहे—"

"लाव गं पोरी!"

तिने दार लावलं. ग्लेंडाने केकचा डबा लांब सरकवला, जणू तो ऐकणार होता. मग पान एकशे अठ्ठ्याऐंशी उघडून तिच्यापुढे ठेवलं. "वाच."

कीलीने वाचलं. आधी कपाळाला आठी पडली. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हे... हे तर उलटं आहे."

"हो."

"पण तुमच्या कार्डावर..."

"ते मी मलपृष्ठावरून लिहिलं. पुस्तक मी परवा पहिल्यांदा वाचलं."

"परवा? म्हणजे काल मुलाखतीत तुम्हाला माहीत होतं?"

ग्लेंडाने होकाराची मान हलवली.

"आणि तुम्ही मला रंग विचारलात?" कीलीचा आवाज चिरकला. "मी तिथे माकडासारखी नाचत होते, आणि तुम्ही रंग विचारलात!"

"मला लाज वाटली. ग्रॅहमसमोर."

"तुम्हाला लाज वाटली! गुरुवारी माझं काय होणार होतं?" ती उठली, खुर्ची कलंडली. दारापाशी जाऊन थांबली, हात दाराच्या कडीवर, पाठ ग्लेंडाकडे. मग ती न वळताच म्हणाली, "मी दोनच प्रकरणं वाचली होती."

"काय?"

"दोन प्रकरणं आणि तुमचं कार्ड. निवेदनात लिहिलं 'हे पुस्तक वाचताना'. सगळेच तसं लिहितात." ती वळली. नाक लाल होतं. "आता दोघी खोटारड्या."

"मी जास्त. मी तुझ्याहून चाळीस वर्षांनी मोठी आहे."

"किती पानं आहेत?"

"तीनशे चाळीस. मला दोन दिवस लागले, तुला एक पुरेल."

मंगळवारची दुपार आणि बुधवार, कीली खिडकीजवळच्या टेबलावरून हलली नाही. ग्लेंडा तिच्यापुढे मुकाट्याने चहाचा कप ठेवायची. कीली न बघता प्यायची, आभारही मानत नव्हती. बुधवारी हार्कर तणतणत आला. "ही माझ्या तासाला का नाही? ग्लेंडा, मुलाखतीच्या आदल्या दिवशी पोरगी पुन्हा वाचत का बसलीय?"

"पुन्हा नाही," ग्लेंडा म्हणाली. "पहिल्यांदा." आणि मग सगळं सांगून टाकलं, काउंटरच्या मागे उभं राहून, भराभरा, थांबलं तर जमणार नाही अशा भीतीने.

हार्करचा चेहरा आधी गोंधळलेला, मग पांढरा. "एकोणीस वर्षं? एकोणीस वर्षांत किती निवेदनं गेली ह्या फळीवरून?"

"मोजलेली नाहीत. तुम्ही मास्तर मंडळींनीही कधी वाचून बघितलं नाही."

ते त्याला झोंबलं. तो कीलीकडे वळला. "हे बघ. पुस्तकाचा विषय निघालाच तर दोन वाक्यांत उरकायचं आणि कड्याच्या धुपीवर यायचं. तिथे तू पक्की आहेस. विषय बदलणं हीसुद्धा कला आहे."

"आणि त्यांनी पानच विचारलं तर, सर?"



गुरुवारी दहाला मुलाखत. प्राचार्यांच्या शेजारची खोली, एक लॅपटॉप, दारावर "शांतता" असा कागद. ग्लेंडाने लायब्ररी कुलूपबंद केली आणि बाहेरच्या बाकावर बसली. हार्कर दुसऱ्या टोकाला बसला. तो तिच्याशी कालपासून बोलला नव्हता. आतून शब्द ऐकू येत नव्हते, फक्त आवाजाची चढउतार. मध्ये एकदा आवाज पूर्ण थांबला. ग्लेंडाने मनात वीसपर्यंत आकडे मोजले. हार्करने टायची गाठ सैल केली.

साडेदहाला दार उघडलं. कीलीच्या काखेत घामाचे दोन मोठे डाग होते.

"एक पुरुष, एक बाई," ती बाकावर आदळत म्हणाली. "पुरुषाने पावसाचा आणि नदीच्या पाण्याचा एक आलेख दाखवला. माती केली मी त्याची. दोन रेघांतली कुठली कशाची तेच कळेना. मग बाई म्हणाली, तुम्ही लिहिलंय की पाण्याने माणसं घालवली, ह्या पुस्तकातला कुठला पुरावा तुम्हाला पटला?"

"अरे देवा," हार्कर म्हणाला.

"मी म्हटलं, कुठलाच नाही. लिहिलं तेव्हा मी दोन प्रकरणं वाचली होती, पूर्ण पुस्तक काल संपवलं. ते उलटं सांगतं."

"आणि गप्प झाले?"

"गप्प. मला वाटलं नेट गेलं." कीलीने हातांनी तोंड झाकलं, मग काढलं. "मग बाई म्हणाली, बरं, आता वाचलंय तर पटतंय का? मी म्हटलं, अर्धंच. कारण आमच्या रस्त्यावर बसच बंद झाली, बँक कर्ज देईना, दवाखाना हलवला. समुद्र अजून चाळीस मीटर लांब होता, तेव्हाच निम्मे लोक गेले. पण समुद्र येणारच आहे हे ठाऊक नसतं, तर बस बंद केली असती का? तर मग दोष कुणाचा? तिने मला पंधरा मिनिटं सोडलं नाही, मिस. माझी पार सालटी काढली. आणि मला..." ती अडखळली. "मला थांबावंसं वाटेना."

ग्लेंडाने हळूच विचारलं, "माझं नाव घेतलंस?"

"कशाला? वाचलं नव्हतं ते मी." कीलीने तिच्याकडे मंगळवारनंतर पहिल्यांदा नीट बघितलं. "तुमच्यावरचा राग वेगळा आहे. तो अजून आहे."

"असू दे."

त्या दुपारी ग्लेंडाने भूगोल आणि इतिहासाच्या फळ्यांवरची दोनशे अकरा कार्डं बाहेर काढली. हार्करने त्यातली सत्तर स्वतःच्या पिशवीत भरली आणि म्हणाला, "ह्यांची पुस्तकं मी वाचून बघतो. उरलेली इतिहासवाल्यांच्या गळ्यात मार." तेवढंच. प्राचार्यांकडे ती स्वतःहून गेली. त्यांनी लेखी ताकीद दिली आणि नोकरी ठेवली.

जानेवारीत विद्यापीठाचं उत्तर आलं. कीली फोन हातात धरून लायब्ररीत शिरली तेव्हा ग्लेंडा पट्टी धरून हिमनद्यांवरचं एक जाडजूड पुस्तक वाचत होती, पान त्रेचाळीस.

"नाही म्हणाले," कीली म्हणाली.

ग्लेंडाच्या हातून पट्टी पडली. "पुस्तकामुळे?"

"पुस्तकाबद्दल हार्कर सरांना खास कळवलंय, तेवढा भाग उत्तम. आलेखाने मारलं. आकड्यांत कच्ची, म्हणे." तिने डोळे पुसले आणि त्याच बाहीने नाकही पुसलं. "शेफील्डच्या विद्यापीठाने घेतलंय. तिथे पहिल्याच वर्षी संख्याशास्त्र सक्तीचं आहे. आलेख वाचायला शिकायचं तर कुठलं पुस्तक घेऊ, मिस?"

ग्लेंडाचा हात सवयीने फळीकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला.

"मला ठाऊक नाही, पोरी."

"बरं," कीली म्हणाली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. "मग दोघी शोधू."