कानोसा

रोज सकाळी बोट सोडण्याआधी बाबा इंजिन सुरू करायचे, त्याची घरघर एकसारखी लागली की लगेच बंद करायचे, आणि छताच्या खांबाला एक हात धरून नुसते उभे राहायचे. डोळे मिटलेले, मान जराशी डावीकडे कललेली. कपभर चहा संपायला लागेल तेवढा वेळ. मग डोळे उघडून समुद्राची तब्येत सांगायचे. "आज कुरकुर आहे." नाहीतर "आज बडबड फार." नाहीतर "आज अगदी शांत." त्यानंतरच प्रवाशांनी बोटीत पाय ठेवायचा, असा नियम.

धक्क्यावर तिकिटं फाडणारे काका त्यांना रोज विचारायचे, "झाली का नाडी बघून? वाचेल ना रोगी?"

"आजचा दिवस काढेल," बाबा गंभीर चेहऱ्याने सांगायचे.

सोळा माणसांची बोट होती. दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, मध्ये चालायला वाट, वर कापडी छत. धक्क्यावरून निघायचं, कड्याकडेने दीपगृहापर्यंत जायचं, तिथल्या खडकांवर पंख वाळवत बसलेले पाणकावळे दाखवायचे, पुढच्या खोल पाण्यात डॉल्फिन दिसतात का बघायचं आणि परत यायचं. दीड तासाचा फेरा. बाबांनी तो एकतीस वर्षं केला. वाटेत एक उंच खडक लागतो. बाकीचे बोटवाले तो उंटासारखा दिसतो म्हणून सांगत. बाबा म्हणायचे, "याला उंट म्हणतात. मला विचाराल तर तो खडकासारखा दिसतो. पण बघा, तुम्हाला उंट सापडला तर मलाही दाखवा."

डॉल्फिनच्या बाबतीत मात्र ते थट्टा करत नसत. इतर बोटी पाण्यात पाठ दिसली की इंजिनाचा आवाज वाढवून मागे लागत. बाबा दीपगृहाच्या पुढे गेले की इंजिनच बंद करत. "आपण दुसऱ्याच्या घरी आलोय," ते प्रवाशांना सांगत. "दाराशी उभं राहायचं. त्यांना वाटलं तर येतील बाहेर." मग सगळे गप्प. बोट पाण्यावर नुसती हलत राहायची, आणि कुठूनतरी, दमलेल्या माणसाने खाली टेकताना सोडावा तसा एक श्वास ऐकू यायचा. तो बाबांना सगळ्यांत आधी ऐकू येई. ते बोट दाखवत आणि क्षणभराने नेमक्या तिथेच काळपट पाठी वर येत. लोकांना ती जादू वाटायची.

"तुम्हाला ऐकू येतं तरी कसं?" कुणीतरी विचारायचंच.

"बायकोची हाक ऐकू येते तसंच. आवाज लहान असतो, पण न ऐकून चालत नाही."

त्यांची मुलगी शाळेत असल्यापासून सुट्टीत बोटीच्या पुढच्या टोकाला बसायची. शिक्षण संपल्यावर ती रोजच येऊ लागली. पक्ष्यांची माहिती ती सांगायची, मुलांना लाइफ जॅकेटं ती घालायची. प्रवासी तिला ताई म्हणत. उन्हासाठी तिच्या डोक्यावर एक निळी टोपी असे, पुढे लांब चोच असलेली.

बाबांच्या कानांचं तिला एका सकाळी कळलं. लाटा धक्क्याच्या पायऱ्यांवर फाडफाड आपटत होत्या, तिकिटवाले काका ओरडून बोलत होते. बाबांनी इंजिन बंद केलं, खांब धरला, डोळे मिटले. मग म्हणाले, "आज अगदी शांत."

काकांना वाटलं, विनोद केला. ते खोखो हसले. तिने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो विनोद नव्हता. गेले कित्येक दिवस ते रोज शांतच म्हणत होते. इतकी वर्षं त्या इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान गेले होते आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी दीपगृहापुढे इंजिन बंद झालं तेव्हा श्वास तिला उजवीकडून ऐकू आला. मागे वळून सांगावं, तर सोळा माणसांदेखत बाबांची लाज गेली असती. तिने नुसती डोक्यावरची टोपी नीट केल्यासारखी केली आणि चोच उजवीकडे वळवली. पाठीमागे सुकाणूपाशी उभ्या असलेल्या बाबांचा हात वर झाला. उजवीकडे.

पुढची चार वर्षं असंच चाललं. चोच वळायची, हात उठायचा, पाठी वर यायच्या, लोक टाळ्या वाजवायचे. बाप-लेकींत त्याबद्दल कधी अवाक्षर निघालं नाही. तिला वाटायचं, बाबांच्या हे लक्षातच आलेलं नाही. आपली नजर नकळत तिच्या टोपीवर जाते आणि आपल्याला अंदाज येतो, असंच त्यांना वाटत असणार. या लबाडीचा तिला मनातून अभिमान होता.

मग एक पत्र आलं. दूरच्या किनाऱ्यावर समुद्री प्राण्यांचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं, तिथे तिला नोकरी मिळाली होती. ज्या कामासाठी तिने शिक्षण घेतलं, नेमकं तेच. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. चार दिवस ते पत्र तिने खिशात नुसतं वागवलं. जावं तर बाबांचे कान कोण होणार? न जावं, तर असं पत्र पुन्हा येईल का?

पाचव्या दिवशी मामा आला. रात्रीची जेवणं चालली होती. मामाने तिच्याकडे पाहून विचारलं, "काय गं, तू जन्मभर बोटीवरच बसणार आहेस का?"

ती काही बोलायच्या आत, मामाच्या ओठांकडे बघत असलेले बाबा म्हणाले, "तिचं काय काम आहे बोटीवर? पुढे बसून वारा खाते, झालं. माझे कान शाबूत आहेत अजून. मला कुणाची गरज नाही."

मामा हसला. "भावजी, तुमच्यासारखा मालक कुणाला मिळू नये."

आईने तिच्या ताटात भाकरी वाढली, तिने ती बाजूला सारली. चार वर्षं. उन्हात, वाऱ्यात, ताप असतानाही. आणि वारा खाते!

दुसऱ्या दिवशी बोटीत चौदा प्रवासी होते. त्यांत मोठा कॅमेरा गळ्यात अडकवलेला एक बोलघेवडा गृहस्थ होता. वाटभर तो सगळ्यांना बोटी कशा चालवाव्यात ते सांगत होता. दीपगृह मागे पडलं. बाबांनी इंजिन बंद केलं. "आता कुणी बोलू नका," ते म्हणाले.

पाणी आरशासारखं होतं. तिला श्वास ऐकू आला. उजवीकडून, अगदी जवळून. पाठोपाठ दुसरा, तिसरा. मोठा कळप होता. तिचा हात टोपीपर्यंत गेला आणि खाली आला. ती समोर बघत बसून राहिली. टोपीची चोचही तशीच सरळ.

बाबा थांबले. बराच वेळ थांबले. मग अंदाजाने हात वर केला. डावीकडे.

त्याच क्षणी उजव्या बाकावरून एकच गलका उठला. सात डॉल्फिन बोटीपासून हातभर अंतरावर उसळत होते. बाबा पाठमोरे, डावीकडच्या रिकाम्या पाण्याकडे बोट दाखवत उभे.

"अहो कप्तान!" कॅमेरावाला ओरडला. "तिकडे काय बघताय? ऐकू येत नाही का?"

बोटीत हशा पिकला. हसणाऱ्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, डॉल्फिन दिसल्याचाच तो आनंद होता. बाबांना तो हशाही ऐकू आला नसावा. पण लोकांची तोंडं उजवीकडे वळलेली त्यांना दिसली, आणि ते वळले. डॉल्फिनकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी थेट तिच्या टोपीकडे पाहिलं.

तेव्हा तिला कळलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाला बाबांनी रोजच्यासारखा हात दिला. कॅमेरावाल्याला म्हणाले, "चुकलं माझं आज." मग बोटीची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि तिच्या पुढे चालत घरी गेले.

संध्याकाळी आई मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला जवळ बोलावून आई हळूच म्हणाली, "तुला ऐकू नाही का आले गं ते डॉल्फिन?"

"नाही," ती म्हणाली.

एकच शब्द. तो तोंडातून गेला आणि परत येईना.

"तेच म्हणत होते ते," आई म्हणाली. "म्हणाले, तिचीही काही चूक नाही, रोज उन्हात बसून कानांत दडे बसतात. पण दोघांनाही ऐकू येत नसेल तर मी माणसं घेऊन पाण्यात जाऊ नये."

"त्यांना टोपीचं माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं मला. पोरीने उसने कान दिलेत म्हणाले. कुणाला बोलू नकोस, तिला तर मुळीच नको." आईने बाबांच्या सदऱ्याची बाही सरळ केली. "आणि काल मामासमोर बोलले ते मनाला लावून घेऊ नकोस. ते पत्र तू पँटच्या खिशात धुवायला टाकलं होतंस, त्यांनीच काढून वाळवून परत ठेवलं. तेव्हापासून एकच घोकत होते, ही माझ्यामुळे जायची नाही. तिचं इथे काही काम नाही असं तिला वाटलं पाहिजे. मी म्हटलं, असं तोडून बोलू नका. पण त्यांना गोड बोलून काही जमलंय का कधी?"

ती उभीच राहिली. त्याच वेळी बाहेर जाऊन सांगायला हवं होतं, की मला ऐकू आले होते, सातच्या सात ऐकू आले होते, माझे कान धड आहेत, उद्या चला. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. तिने ते उद्यावर टाकलं.

त्या आठवड्यात बाबांनी परवाना परत केला. पंधरा दिवस संपले, ती गेली नाही. कानांतले दडे सुटले, असं तिने आईला सांगितलं आणि स्वतःच्या नावाचा परवाना काढून बोट आता तीच चालवू लागली. दीपगृहापुढे इंजिन बंद करून कानोसा घ्यायची आणि हात वर करायची. टाळ्या पडायच्या.

आईने बाबांना डॉक्टरकडे नेऊन कानाचं यंत्र आणलं. त्यांनी ते दोन दिवस घातलं. "यात भांडी, कावळे आणि तू, सगळे एकदम बोलता," असं आईला सांगून डबीत घालून ठेवून दिलं. दिवसभर ते खिडकीपाशी बसून बोटीवरची लाइफ जॅकेटं दुरुस्त करायचे. उसवलेले पट्टे, तुटलेली बकलं. एक झालं की दुसरं घ्यायचे. ती संध्याकाळी आली की विचारायचे, "आज समुद्र काय म्हणत होता?" ती म्हणायची, "शांत होता." कधी बडबड असली, तरी शांतच सांगायची. मोठ्याने, हातवारे करून बाकीचं सांगण्याएवढं त्राण तिला उरलेलं नसे.

असे आठ महिने गेले. रोज ती उद्या सांगू म्हणायची, आणि रोजच्या उद्याने ते वाक्य आणखी जड होत गेलं.

मग एका दुपारी दीपगृहापासून परत येताना तिला धक्क्याच्या टोकाशी तिकिटवाले काका दिसले. भर उन्हात उभे होते. तिकिटांचं पुस्तक त्यांच्या हातात नव्हतं. बोट टेकायच्या आधीच त्यांनी हात पुढे करून दोर धरला, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि म्हणाले, "माणसं मी उतरवतो. तू घरी जा, पोरी."

बाबा खिडकीपाशीच गेले होते, खुर्चीत. आई म्हणाली, आवाजसुद्धा झाला नाही.

चार दिवसांनी आई त्यांच्या वस्तू आवरत होती. यंत्राची डबी रिकामी होती. यंत्र त्यांनी त्या दिवशी घातलेल्या सदऱ्याच्या खिशात सापडलं. कानातून काढून ठेवलेलं की घालायचं राहून गेलेलं, कोण सांगणार?

पण तिला ते कळायला हवं होतं, कारण बाबा गेले त्याच दिवशी सकाळी तिने ते वाक्य बोलून टाकलं होतं. बाबा खिडकीकडे तोंड करून दोऱ्याला गाठ मारत होते. ती चपला घालून दारात उभी होती. त्यांच्या पाठीकडे बघत, मोठ्याने नाही, साध्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मला डॉल्फिन ऐकू आले होते. मी मुद्दाम टोपी फिरवली नाही. तुमचं बोलणं लागलं होतं मला." आणि मग, "चला ना परत बोटीवर."

बाबांचा हात थांबला. ते दोरा दातांनी तोडत होते की ऐकत होते, ते पाठीवरून कळेना. त्यांनी सुई खुर्चीच्या गादीत खोचली, मांडीवरचं छोटं जॅकेट उलटसुलट करून पाहिलं आणि मग वळले. ती दारात दिसताच त्यांनी ते तिच्यापुढे धरलं.

"अजून गेली नाहीस? हे घेऊन जा. पण याचा डावा पट्टा अजून सैल आहे, लहान मुलाला देऊ नकोस."