लेले काकांना शेवट सांगायचा नाही

माणसं भेटली की किस्से होतात, असा माझा साधा हिशेब होता. मग कोरोना आला, आइंडहोवनमधल्या आमच्या मराठी मंडळींचं एकमेकांकडे जाणं-येणं बंद झालं, आणि किस्से उलट वाढले. भेटता येईना म्हणून जो तो दुसऱ्याबद्दल जास्त बोलायला लागला, दुसरं काय! त्यातले निम्मे किस्से एका जुन्या मराठी सिनेमाच्या डिस्कभोवती फिरतात. सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही बघाल, मग शेवट कुणाला तरी सांगाल, आणि शेवट न सांगणं हाच तर आमचा वर्षभराचा उद्योग होता.

*

आधी लेले काका. नोकरीसाठी ते इथे आले तेव्हा आमच्यातले कित्येक जण जन्मलेही नव्हते. आता निवृत्त आहेत, डच फाडफाड बोलतात आणि स्वभावाने मात्र अजून पुण्यातच राहतात. कुठलाही कार्यक्रम संपायच्या दहा मिनिटं आधी उठायचं, हा त्यांचा धर्म. "गर्दी व्हायच्या आत निघू." गणपतीची शेवटची आरती सुरू झाली की काका बूट घालत असतात. पहिल्या लॉकडाऊनमध्ये आम्ही दीड मीटर अंतर राखून पार्कात बसलो होतो. अख्ख्या पार्कात आम्ही आणि बदकं. तासाभराने काका उठले. "चला, नंतर फार गर्दी होते." बदकांचीही झाली नाही.

आणि काकांचा सिनेमा. लग्न नुकतंच झालेलं, काका-काकू पुण्याच्या एका टॉकीजमध्ये गेलेले. खून, चोरीला गेलेला हिरा, पाण्यातला किल्ला, सगळा मसाला. शेवटी होडीतून पाठलाग होतो, मुखवटा घातलेला खुनी सापडतो, डिटेक्टिव्ह त्याच्या मुखवट्याला हात घालतो...

"आणि लाइट गेले," काका सांगतात.

ते परत आले नाहीत. सिनेमा चारच दिवसांत उतरला आणि पुढे त्याची प्रिंटच हरवली. चाळीस वर्षं झाली, तो मुखवट्याखालचा चेहरा काकांना दिसलेला नाही. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज खरोखर उतरतो, थट्टा करवत नाही. आम्ही ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की 'लाइट गेले' आम्ही सगळे एका सुरात म्हणतो. काकू त्या वेळी हटकून स्वयंपाकघरात असतात.

*

मुंबईतल्या कुणा हौशी मंडळींना ती प्रिंट सापडली. त्यांनी ती धुऊनपुसून डिस्क काढली, ही बातमी आणली प्रसादने. प्रसाद माझ्या ऑफिसात आहे, चिप बनवायच्या मशिनवर काम करतो. त्याने लगेच ऑर्डर टाकली, आणि विमानं बंद असल्यामुळे डिस्क निवांत आली.

ती आल्यावर कळलं की लावायला प्लेअर नाही. सीडी ज्या गावात जन्मली त्याच गावात आम्ही एवढे इंजिनिअर, आणि एकाकडेही प्लेअर नसावा? दिवसभर नॅनोमीटरमध्ये बोलणारी माणसं आपापल्या लॅपटॉपच्या कडा चाचपत बसली होती.

शेवटी ब्रेडा गावच्या एका डच आजोबांनी जुना प्लेअर विकायला काढलेला सापडला. प्रसाद आणायला गेला. आजोबांनी प्लेअर दाराबाहेर ठेवला आणि स्वतः दीड मीटर मागे सरकून विचारलं, "काय बघणार आहेस यावर?" प्रसादने काकांची सगळी कथा सांगितली. आजोबांनी शांतपणे ऐकली.

"चाळीस वर्षं? मग त्याने दिग्दर्शकाला फोन का नाही केला?"

प्रसाद प्लेअर उचलून निघाला. पंधरा दिवसांनी आजोबांचा मेल आला. प्लेअर नीट चालतो का वगैरे काही नाही. एकच ओळ: खुनी कोण होता? प्रसादने बिचाऱ्याला कळवून टाकलं. म्हणजे मराठीचं अक्षर न येणाऱ्या, सिनेमाची एक फ्रेम न बघितलेल्या ब्रेडाच्या माणसाला शेवट कळला, आणि आमचे काका तसेच.

*

कारण काका बघेचनात. त्यांना मोतीबिंदू झाला होता आणि कोरोनामुळे ऑपरेशन पुढे पुढे जात होतं. "इतकी वर्षं थांबलो, आता तो चेहरा धुक्यातून नाही बघणार," काका म्हणाले. "तुम्ही बघून घ्या. पण कुणी तोंड उघडलं तर याद राखा."

मग डिस्क आणि प्लेअरची जोडी घरोघर फिरायला लागली. इथे मुलांना शाळेत सोडायला पुढे लाकडी पेटी असलेली सायकल असते ना, तिच्या पेटीत बसून, वर ब्लँकेट पांघरून. आमच्याकडच्या पालखीलाही एवढं जपत नाहीत.

*

सगळ्यात मोठी भीती इराची होती. इरा म्हणजे प्रसादची मुलगी, वय वर्षं सात. मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये. दिवाळीला सगळे व्हिडिओ कॉलवर जमलो. इराला बापाने दहा वेळा बजावलं होतं की खुनी कोण ते काका-आजोबांना सांगायचं नाही. तिने शहाण्या मुलीसारखं कबूलही केलं होतं.

कॉल सुरू झाल्या झाल्या ती म्हणाली, "खुनी कोण ते मी सांगणार नाही. कोण नाही ते सांगते. डॉक्टर नाही. नावाडी नाही. इनामदारांचा भाऊ नाही..."

प्रसाद म्यूटचं बटण शोधेपर्यंत तिने अर्धी पात्रं निर्दोष सोडली होती. काका दोन्ही कानांत बोटं घालून मोठमोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणत होते. मागे काकू चकल्या तळत होत्या आणि इराच्या एकेका नावाला मान डोलावत होत्या. आम्हाला वाटलं, पोरीचं कौतुक.

"इराला दिग्दर्शक करा," काका नंतर म्हणाले. "एवढा सस्पेन्स मूळ सिनेमातही नव्हता."

*

काकांनीही काही कमी छळलं नाही. संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला जायचो. डाव्या-उजव्या बाजूला राहून, मध्ये तेच ते दीड मीटर. काका हवापाण्याचं बोलता बोलता मध्येच एक नाव टाकायचे आणि माझा चेहरा बघायचे.

"थंडी वाढली. नर्स ना रे?"

मी वैतागून मास्क लावायला लागलो. इथे रस्त्यावर कुणी मास्क लावत नसे, त्यामुळे लोक मला पेशंट समजून लांबून जायचे. दोन दिवसांनी काका म्हणाले, "मास्कचा उपयोग नाही. तुझे डोळे बोलतात." तिसऱ्या दिवशी मी गॉगलही चढवला. आइंडहोवनचा नोव्हेंबर, सूर्याचा पत्ता नाही, आणि मी मास्क नि गॉगल लावून एका म्हाताऱ्याच्या मागे चाललोय. पोलिसांची गाडी हळू झाली. काका त्यांना डचमध्ये म्हणाले, "काळजी करू नका, हा फक्त एक खून लपवतोय."

ते पुढे मलाच निस्तरावं लागलं.

*

थंडीच्या ऐन कडाक्यात एकदाचं काकांचं ऑपरेशन झालं. आणि नेमका त्याच आठवड्यात, डिस्क आमच्या घरी असताना, प्लेअरचा ट्रे अडकला. डिस्क आत, सिनेमा लागत होता, पण ट्रे बाहेर येईना. सायकलवरून हलवायची कुणाची हिंमत होईना, तेव्हा ठरलं की काकांनीच आमच्याकडे यायचं. पाहुणा एकच चालत होता. काकू म्हणाल्या, "ह्यांना पाठवते. माझं काय अडलंय?"

रविवारी दुपारी काका आले. इस्त्रीचा शर्ट, नवा डोळा. माझी बायको केतकीने चहा दिला, तो तसाच गार झाला. दीड तास माणूस हलला नाही. होडीचा पाठलाग सुरू झाला, संगीत चढलं, आणि काका चुळबुळायला लागले.

"संचारबंदी आहे ना रे?"

"काका, रात्री नऊला. आत्ता पाच वाजतायत."

"हो, पण सायकलचं कुलूप गोठलं असेल. जरा मोकळं करून ठेवतो. आयत्या वेळी घोळ नको." आणि खरंच कोट चढवून बाहेर गेले. पाय आपोआपच निघाले असणार. पडद्यावर डिटेक्टिव्हचा हात मुखवट्यावर पडला होता. केतकीने घाईघाईने पॉज दाबला.

तेवढ्यात फोन वाजला. काकू.

"होडीपर्यंत आलं असेल ना? उठले का हे?"

मी गारच पडलो. "काकू, तुम्हाला कसं कळलं?"

"तेव्हाही तिथेच उठले होते. स्टँडवर गर्दी व्हायच्या आत स्कूटर काढायला."

"पण लाइट गेले होते ना?"

"कुठले लाइट? मी बसले होते की. शेवट बघून, टाळ्या वाजवून बाहेर आले. हे किक मारून उभे."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"मला विचारलं कुणी?" काकू म्हणाल्या. "घरी पोचलो, सासूबाईंनी विचारलं, कसा होता सिनेमा? हे म्हणाले, लाइट गेले. नवी नवरी मी, काय बोलणार? एकदा गेले ते गेले."

दार वाजलं. काका हातांवर फुंकर मारत आत आले. पडद्यावर तो मुखवटा आणि त्यावर थांबलेला हात.

"हे काय, थांबलं का?"

घरातले सगळे दिवे चालू होते. माझ्या हातात फोन होता, आणि फोनमधून काकूंचं हसू बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

"काका," मी म्हणालो, "लाइट गेले."

काकांनी डोक्यावरच्या झगझगीत दिव्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या फोनकडे. सावकाश कोट काढला, खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि पाय पसरून बसले.

"आले की सांग," म्हणाले.