आत्या आणि मेमरीची पट्टी

अख्खी गल्ली तिला आत्या म्हणायची. आत्या घरीच कपड्यांवर भरतकाम करून द्यायची आणि नक्षी कॉम्प्युटरवर काढायची. हल्ली मात्र मोठी नक्षी उघडली, की कॉम्प्युटर रुसून बसायचा. भाच्याने फोनवर सांगितलं, "मेमरी कमी पडतेय, आत्या. एक पट्टी वाढव. तुला जमेल."

आत्याने पट्टी आणली, प्लग काढला, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पट्टी खाचेत अलगद ठेवली. प्लग लावून बटण दाबलं तर स्क्रीन काळीठिक्कर आणि आतून नुसती टीं टीं!

"झालं! नसती उठाठेव कोणी सांगितली होती?" नवरा दारातूनच म्हणाला.

"जवळ येऊन टॉर्च धरा, मग बोला."

भीतीपोटी आपण पट्टी पुरती दाबलीच नाही, हे उजेडात तिच्या लक्षात आलं. पुन्हा प्लग काढून तिने दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला. खटके टक्कन बसले. या खेपेला पिसारा फुलवलेला भलामोठा मोर स्क्रीनवर डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडला.

नवरा टॉर्च तशीच धरून म्हणाला, "माझ्या डोक्यात बसेल का गं एखादी?"

"खाच शिल्लक असेल तर बघते," आत्या म्हणाली आणि मोराला रंग भरायला बसली.