बहिणीची क्षमा

आई-आबांना मारणाऱ्याला फाशीची शिक्षा झाल्याचं कळलं, त्या दुपारी जळगावच्या माझ्या स्वयंपाकघरात मी मोकळेपणी रडले आणि कितीतरी महिन्यांनी भरपेट जेवले.

दोघं शिंदखेड्याला राहत. ओळखीचाच माणूस नळ दुरुस्त करायला आला आणि आईच्या सोन्यासाठी दोघांचा जीव घेऊन गेला.

निकालानंतरच्या रविवारी मी धुळ्याला बहिणीकडे होते. आमच्या जुन्या चर्चच्या उपासनेत आपला अनुभव सांगायला, साक्ष द्यायला ती उठली. म्हणाली, "आम्ही त्याला क्षमा केली आहे. त्याला फाशी होऊ नये, अशी आमची प्रार्थना आहे."

आम्ही! मला विचारलंही नव्हतं. मंडळी डोळे पुसत होती. बाहेर एका म्हातारीने माझाच हात धरला. "तुनी बहीणनं मन कितलं मोठं शे वं!"

लहानपणापासून हेच. आई वेणी आधी तिची घालायची, आबा सायकलवर पुढे तिला बसवायचे. आता त्यांच्या मरणातही पुढची जागा तिचीच.

मी पाळकसाहेबांना गाठलं. "गुन्हेगाराला शिक्षा करायला सरकारच्या हाती तलवार देवानेच दिली, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं," ते म्हणाले. "आणि प्रभूने वधस्तंभावरून मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, हेही शिकवलं. मला स्वतःला फाशी मान्य नाही. पण आपल्या मंडळीत दोन्ही मतांचे लोक आहेत. तुम्हाला मी गप्प बसवणार नाही."

पुढच्या रविवारी मी पुन्हा धुळ्याला आले आणि उपासनेत उभी राहिले. "क्षमा करणं माझं काम असेल, पण शिक्षा माफ करणं माझं काम नाही. दोन जीव गेलेत. न्याय झाला, असं मला वाटतं."

कुणी रडलं नाही. बाहेर एक गृहस्थ इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "बरोबर बोललात." बहिणीशी असं दबक्या आवाजात कुणी बोललं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

घरी बहीण माझ्या ताटात भरीत वाढत होती. "अक्का, मी तुला न विचारता बोलले. चुकलंच माझं."

ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. मी विचारलं, "तुला त्याचा राग येत नाही?"

"रोज येतो. पण त्या दिवशी मी शिंदखेड्याला पोचले ना, तेव्हा ओट्यावर त्याचा चहाचा कप होता. आईने करून दिलेला. तिने ज्याला चहा पाजला, त्याला मारा असं माझ्याने म्हणवत नाही."

मी जळगावहून पोचले तेव्हा पोलिसांनी दोघांना हलवलं होतं, ओटाही मोकळा होता. आईचा तो शेवटचा चहासुद्धा हिनेच पाहिला होता. त्या क्षणी क्षमेपेक्षा त्या कपासाठी मी तिच्यावर जास्त जळले.

पुढे हायकोर्टाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. ती फोनवर हुंदके देत राहिली, मी ऐकत राहिले. मला अजूनही तो निकाल पटलेला नाही.

यंदा ईस्टरच्या सकाळी आम्ही दोघी कबरींवर फुलं ठेवायला गेलो. तिने मोठ्याने प्रार्थना केली, शेवटी त्या माणसासाठीही. मी आमेन म्हटलं नाही. ती जरा थांबली, मग स्वतःच आमेन म्हणाली, आणि आईच्या कबरीवरचा पाचोळा वेचायला लागली. दुसऱ्या बाजूने मीही वेचायला बसले.